‘घराण्यातच आहे’ म्हणजे नेमके काय? जनुके, परिस्थिती आणि मेंदूचे आजार

लग्नाच्या बोलणीत एखाद्या घराची चौकशी सुरू झाली की वऱ्हाडातल्या गावांत एक वाक्य हमखास ऐकू येते. “त्याईच्या घरान्यातच येडेपन हाय, पोरगी देऊ नोका.” एका माणसाच्या आजारामुळे भावाबहिणींची लग्ने अडतात. मग घरचे लोक आजार लपवतात, दवाखान्याऐवजी बाबा-महाराजांकडे नेतात आणि उपचाराची पहिली काही वर्षे वाया जातात.

अलीकडे दुसरे एक वाक्य आपल्या तरुणांच्या मोबाईलवर फिरते आहे. “हजारो वर्षांचा अन्याय आपल्या डीएनएमध्ये उतरला आहे.” पहिले वाक्य अडाणीपणाचे वाटते, दुसरे विज्ञानाचे. पण दोन्हींचा अर्थ लावायला गेले तर उत्तर एकच निघते: जे आहे ते रक्तात आहे, त्याला आता इलाज नाही.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील वस्त्यांमध्ये काम करताना ही दोन्ही वाक्ये आम्हाला वारंवार भेटतात. म्हणून ‘एपिजेनेटिक्स’ या विषयाबद्दल विज्ञानाला आजवर काय कळले आहे आणि कुठे थांबायला हवे, हे सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सिकलसेल आणि मानसिक आजार यांत फरक आहे

आनुवंशिक आजार म्हटले की विदर्भातल्या बौद्ध माणसाला पहिल्यांदा सिकलसेल आठवतो. आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आहे. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातील एक अक्षर बदलते आणि लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गणित पक्के आहे. म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासा असे आपण सांगतो.

स्किझोफ्रेनिया, नैराश्य, द्विध्रुवी आजार किंवा स्वमग्नता यांचे गणित असे नाही. या आजारांमागे एकच जनुक नसते. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यात परिस्थितीची भर पडते. स्किझोफ्रेनिया साधारण १०० जणांमागे एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढून १० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे अशा १०० मुलांपैकी साधारण ९० जणांना तो होत नाही.

सगळ्यात बोलका पुरावा जुळ्या भावंडांचा आहे. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरीही त्यांच्यापैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान निघाले आहे. जनुकेच सर्व काही ठरवत असती तर हा आकडा १०० असायला हवा होता. उरलेल्या जागेत बरेच काही येते: आईच्या पोटातले दिवस, जन्माच्या वेळची अडचण, बालपणीची भूक, मारहाण, विष, व्यसन, एकटेपणा.

अक्षरे तीच, खुणा वेगळ्या

आपल्या विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे एकच पुस्तक अनेक जण वाचतात. एखाद्या प्रतीत कोणी ओळींखाली पेन्सिलने रेघा मारलेल्या असतात, कोणी ‘महत्त्वाचे’ लिहिलेले असते, तर कोणी ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हणून चार पाने टाचून ठेवलेली असतात. पुस्तकातला मजकूर बदललेला नसतो. पण पुढचा विद्यार्थी कोणते पान वाचेल आणि कोणते सोडून देईल, ते त्या खुणांवर ठरते.

पेशीतही असेच घडते. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यात डीएनए तोच असतो. कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणा ठरवतात. ‘मिथाइल’ नावाचा एक लहानसा रासायनिक गट जनुकाच्या सुरुवातीला चिकटला की ते जनुक बहुधा शांत होते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांना ‘हिस्टोन’ म्हणतात. ही गुंडाळी घट्ट असली की जनुक वाचले जात नाही, सैल झाली की वाचले जाते. या सगळ्या व्यवस्थेचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणला.

या खुणांवर परिस्थितीचा परिणाम होतो, हे दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झाला. मायकेल मीनी, मोशे झिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. काही उंदीर-माता पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. ज्यांना भरपूर माया मिळाली त्या पिल्लांच्या मेंदूत ताण आटोक्यात आणणाऱ्या एका जनुकावर मिथाइलच्या खुणा कमी होत्या, आणि मोठेपणी ती पिल्ले कमी घाबरत. पिल्लांची अदलाबदल केली तेव्हा खुणा जन्मदात्या आईप्रमाणे न उमटता सांभाळणाऱ्या आईप्रमाणे उमटल्या. शिवाय मोठ्या वयात औषध देऊन त्या खुणा बदलताही आल्या.

याच गटाने २००९ मध्ये आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले होते, त्यांच्या मेंदूत माणसातल्या त्याच जनुकावर जास्त खुणा आढळल्या. हा अभ्यास लहान होता, प्रत्येक गटात फक्त १२ जण होते. म्हणून तो शेवटचा शब्द मानता येत नाही. पण बालपणीचा छळ शरीरात खोलवर पोचू शकतो, या दिशेने तो बोट दाखवतो.

नेदरलँडची उपासमार, पुण्याची गावे

माणसांवर उपासमारीचा प्रयोग करता येत नाही. पण इतिहासाने तो केला आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी नेदरलँडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरीच्या खाली गेले आणि हजारो लोक भुकेने मेले. त्या देशात रेशनच्या आणि जन्माच्या नोंदी चोख होत्या. त्यामुळे उपासमारीच्या ऐन काळात गर्भ राहिलेल्या मुलांचे पुढे काय झाले ते पाहता आले. मोठेपणी त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघाले. चीनमधील १९५९-६१ च्या दुष्काळानंतरच्या अभ्यासातही असाच आकडा आला. २००८ मध्ये नेदरलँडच्याच संशोधकांनी दाखवले की, गर्भधारणेच्या सुमारास उपासमार सोसलेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. त्या खुणेमुळेच आजार झाला, असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. गर्भातल्या भुकेचा ठसा साठ वर्षे टिकू शकतो, एवढे मात्र त्याने दाखवले.

आपल्या राज्यातही महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांमधल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आहेत. तिथल्या बऱ्याच मातांच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी होते. ज्यांच्या आईमध्ये गरोदरपणी हे जीवनसत्त्व फार कमी होते, ती मुले नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. पुढे याच कुटुंबांतील किशोरवयीन मुलामुलींना रोज बी-१२ ची अगदी लहान मात्रा देऊन पाहण्यात आली. हे जीवनसत्त्व मिळालेल्या मुलींची बाळे दोन वर्षांची झाली तेव्हा आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली.

बी-१२ चा आणि त्या खुणांचा संबंध थेट आहे. जनुकावर बसणारा मिथाइल गट शरीराला आहारातूनच मिळतो. त्याच्या साखळीत फोलेट आणि बी-१२ हे दोन दुवे असतात. फोलेट पालेभाज्या आणि डाळींतून मिळते. बी-१२ दूध, अंडी, मांस, मासळीतून. ज्या ताटात वरणही पातळ असते, तिथे खुणा लिहायची शाईच अपुरी पडते.

वऱ्हाडातले प्रश्न

वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. रोजगार हमीचे खडी फोडणे, मिलोच्या भाकरी आणि सुकडी. ती उपासमार आज नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे तालुके कुपोषण आणि बालमृत्यूंसाठी १९९० च्या दशकापासून बातम्यांत आहेत. भूक आता गावाच्या चावडीवर दिसत नाही. ती सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात असते.

दुसरा प्रश्न फवारणीचा. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे भूमिहीन आहेत. दुसऱ्याच्या कपाशीत फवारणी करणे, निंदण आणि वेचणी ही त्यांची कामे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. अकोला-अमरावतीतही त्या हंगामात रुग्ण होते. हे जागच्या जागी दिसणारे मरण होते. पण ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मुळात मज्जासंस्थेवरच काम करतात, किडीच्याही आणि माणसाच्याही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातील शेतमजूर मातांचा दीर्घ अभ्यास झाला. गरोदरपणी ज्यांच्या शरीरात या विषांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वात कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. फवारणी पुरुष करतो. पण टाकीसाठी पाणी आणून देणारी, त्याच शेतात निंदायला बसणारी आणि घरी येऊन त्याचे कपडे धुणारी बाई असते. ती गरोदर आहे का, हे कोणी विचारत नाही.

तिसरा प्रश्न तंबाखूचा. आईच्या धूम्रपानाने नवजात बाळाच्या डीएनएवरील खुणा बदलतात, हे अनेक देशांतील बाळांच्या रक्तात दिसले आहे. आपल्याकडे बायका बिडी-सिगारेट फारशा ओढत नाहीत. पण खर्रा आणि तंबाखूची मिसरी घराघरांत आहे आणि गरोदरपणी तंबाखू खाल्ल्याने बाळाचे वजन कमी भरते. घरातल्या पुरुषाच्या बिडीचा धूर तर सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

चौथी गोष्ट औषधांची. फिट येणाऱ्या अनेकांना सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध दिले जाते. ते गुणकारी आहे, पण हिस्टोनवरील खुणा बदलणाऱ्या औषधांपैकीच एक आहे. गरोदरपणात ते घेतल्यास बाळाच्या शरीरात दोष राहण्याचा आणि मेंदूची वाढ मागे पडण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून फिट येणाऱ्या मुलीचे लग्न ठरले की आजार लपवण्याऐवजी तिला डॉक्टरकडे न्यावे आणि मूल होण्याआधी औषध बदलता येईल का हे विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र कधीच करू नये. अचानक बंद केल्याने येणारी फिट जिवावर बेतू शकते.

पिढ्यान् पिढ्या उतरते का?

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. अन्यायाच्या खुणा आजोबांकडून नातवाकडे डीएनएवरून जातात का?

प्राण्यांमध्ये अशी उदाहरणे आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात नर उंदरांना एका विशिष्ट वासासोबत विजेचा झटका देण्यात आला. त्यांची मुले आणि नातवंडेही तो वास आला की जास्त दचकली. पण माणसांबाबत पुरावा अजून तोकडा आहे. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले ज्यू लोक आणि त्यांची मुले यांच्यावरील ज्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यात फक्त काही डझन लोक होते आणि त्यावर शास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतले आहेत.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, बीज आणि बीजांड तयार होताना आणि गर्भ राहिल्यावर बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जातात. नवी प्रत जवळपास कोरी होऊन येते. दुसरे कारण मोजणीचे आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडे तयार होऊ लागतात. म्हणजे गरोदर आजी उपाशी राहिली तेव्हा ती स्वतः, पोटातली लेक आणि लेकीची बीजांडे या तिघांनाही भूक एकदमच लागली. नातवावर परिणाम दिसला तरी त्याला वारसा म्हणता येत नाही, कारण त्याच्या अर्ध्या बीजाने ती भूक प्रत्यक्ष सोसलेली असते. खरा वारसा सिद्ध करायचा तर त्याच्याही पुढची पिढी पाहावी लागते.

आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आजीची भूमिहीनता आईकडे आली, आईची मजुरी लेकीकडे आली, गावाबाहेरची वस्ती तिघींचीही तीच राहिली. त्या वस्तीत पाणी उशिरा येते, दवाखाना लांब आहे, शाळेत जातीवरून टोमणे बसतात. प्रत्येक पिढीत परिस्थिती पुन्हा तीच असेल तर खुणाही पुन्हा नव्याने उमटतील. त्यासाठी त्यांना डीएनएवर बसून प्रवास करण्याची गरजच नाही.

म्हणून ‘अन्याय आमच्या डीएनएमध्ये आहे’ हे वाक्य आपण जपून वापरले पाहिजे. अन्यायाची तीव्रता सांगण्यासाठी ते म्हटले जाते. पण उद्या दुसरा कोणी हेच वाक्य उचलून म्हणेल की, यांच्या मेंदूतच खोट आहे, यांना शिकवून काय उपयोग? जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांना आपल्या हाताने नवे शास्त्र देण्यासारखे ते होईल.

बाबासाहेबांनी हा प्रश्न हाताळला आहे

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्म आणि आनुवंशिकता यांची थेट तुलना केली आहे. विज्ञानाप्रमाणे मूल आईवडिलांकडून गुण घेते. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मात्र आईवडिलांकडून केवळ देह येतो असे मानतो, ही विसंगती त्यांनी दाखवली. गरिबाची हलाखी हे त्याच्याच मागच्या जन्मीचे फळ ठरवले की समाज आणि शासन जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

आज पूर्वजन्माच्या जागी ‘जीन्स’ हा शब्द ठेवला तरी जबाबदारी झटकण्याची तीच सोय होते. एपिजेनेटिक्सचे खरे सांगणे याच्या उलट आहे. कारण असेल तर परिणाम होतो आणि कारण बदलले तर परिणाम बदलतो, हे धम्माच्या अभ्यासकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

आपल्या हातात काय आहे

बदल होतो याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्य प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, समुपदेशन केले, गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोचवले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. घराणे तेच, रक्त तेच. फक्त कोणीतरी दारात जाऊन विचारले.

आपल्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी करण्यासारखी कामे अशी:

१. वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो आणि कपाशीची फवारणीही नेमकी याच महिन्यांत चालते. विहारातील ग्रंथवाचनानंतर दहा मिनिटे फवारणीवर बोलावे. गरोदर बाईने फवारलेल्या शेतात जाऊ नये, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, रिकाम्या डब्यात पाणी-धान्य ठेवू नये.

२. मुलींचे हिमोग्लोबिन लग्नानंतर तपासण्यापेक्षा शाळेत असतानाच तपासावे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्याआधीच. फोलिक अॅसिडची गोळी त्यापूर्वीच सुरू व्हायला हवी. आशाताईंकडे ती मागावी.

३. अंगणवाडीचा आहार, मेळघाटात अमृत आहार योजनेचे जेवण, शाळेतले जेवण या गोष्टी दान म्हणून बघू नयेत. मेंदूच्या घडणीचा तो कच्चा माल आहे. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीला आपली माणसे हजर असावीत.

४. मूल उशिरा बोलते, नजर देत नाही, फिट येते, तर ‘मोठे झाले की होईल’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणी करतात. त्यांच्या तारखा विचारून ठेवाव्यात.

५. मानसिक आजाराचे उपचार अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मिळतात. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार मिळणे हा हक्क आहे.

६. लग्नाच्या बोलणीत सिकलसेलचा अहवाल जरूर मागावा. पण ‘घरात कोणाला मानसिक आजार होता का’ एवढ्यावरून स्थळ मोडू नये. भावाला आजार आहे म्हणून बहिणीचे लग्न अडवणे याला विज्ञानाचा आधार नाही.

येत्या रविवारी विहारात जाल तेव्हा आपल्या वस्तीतल्या गरोदर बायकांची यादी करा. त्यांच्यापैकी किती जणी फवारलेल्या शेतात जातात आणि किती जणी सर्वांच्या शेवटी जेवतात, हे विचारा. पुढच्या पिढीच्या मेंदूचे काम तिथून सुरू होते.